कुदळ घेऊन आलेला म्हातारा

ती सकाळ मला आजही आठवते, ती कुदळीच्या आवाजाने. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सुर्ल्याच्या खाणपट्ट्यात ट्रकवाल्यांची भांडणं सोडवता सोडवता अंगावरची खाकी दोनदा फाडून घेतली. तरी घरात कोणी ‘पोलिसातली एखादी गोष्ट सांगा’ म्हणालं की माझ्या तोंडून हीच निघते. ऐकणाऱ्यांची थोडी निराशा होते, कारण हिच्यात मी काहीच पराक्रम करत नाही. उलट त्या दिवशी मला काही माणसांनी सांभाळून घेतलं, आणि त्यांचे उपकार मानण्यासाठीच हे लिहितो आहे. नावं कोणाचीच देणार नाही, गावाचंही नाही. लाटंबार्शाच्या पलीकडे, महाराष्ट्राची हद्द लागते तिथे काजूच्या डोंगराखाली एक गाव आहे, एवढं पुरे.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. राजभाषेच्या आंदोलनाचा धुरळा अजून पुरता खाली बसला नव्हता. रस्ते अडवून बसलेल्या माणसांना उठवता उठवता आम्ही मेटाकुटीला आलो होतो. कोंकणीवाले म्हणत, पोलीस मराठीवाल्यांचे. मराठीवाले म्हणत, कोंकणीवाल्यांचे. दोन्हीकडून शिव्या खातो म्हणजे आपण निःपक्षपाती असणार, अशी मी स्वतःची समजूत घालून घेत असे.

मी मूळचा पेडण्याचा. डिचोली ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कॉलेजात असताना म्हापशाला घोडेवाले इंग्रजी सिनेमे लागत, ते मी एकही सोडला नव्हता. गावातले लोक दोरखंड घेऊन कोणाला तरी झाडाला टांगायला निघतात, एवढ्यात एकटा शेरीफ पिस्तूल काढून आडवा उभा राहतो, आणि लोक मुकाट्याने घरी जातात. आम्ही टाळ्या पिटायचो. पोलिसात येण्यामागे त्या शेरीफचा थोडा हात होता, हे मी भरतीच्या मुलाखतीत अर्थातच सांगितलं नव्हतं.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. सकाळचे दहा वाजले असतील. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता आणि मी कुठल्याशा मारामारीचे जबाब वाचत होतो. फोन वाजला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात एवढंच म्हणाला की देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला आहे, गावाने दोघा घाटी कामगारांना देवळासमोर बांधलं आहे, लवकर या नाही तर फक्त पंचनामा करायला याल. नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. त्या गावात फोन दोनच, एक पंचायतीत आणि एक किराणाच्या दुकानात. पंचायत त्या वेळी बंद होती. दुकानदाराला मी जन्मभर विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण त्याच्या दुकानावरून जाताना मी कायम आधी हात जोडत आलो.

जीपमध्ये मी, दोन शिपाई, ड्रायव्हर आणि आमचे थोरले हवालदार. हवालदार म्हणजे पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. वाटेत मी सारखा कमरेचं रिव्हॉल्व्हर चाचपत होतो. त्यांनी ते पाहिलं.

देवळासमोर दीडशेच्या वर माणसं. काजूचा हंगाम असल्यामुळे बरेचजण रानातूनच धावत आलेले, हातात कोयते आणि काठ्या. वडाच्या बुंध्याला दोघं भाऊ बांधलेले होते. मूळचे बेळगाव जिल्ह्यातले, देवळाच्या आवाराची चिऱ्यांची भिंत बांधायला महिन्याभरापूर्वी आले होते. थोरल्याचं डोकं फुटलं होतं. धाकट्याच्या उजव्या हाताची बोटं अशी वाकडी झाली होती की बघवत नव्हतं. वरच्या फांदीवरून सुंबाचा दोर टाकलेला होता. त्याच्या टोकाचं काय करायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

लोकांच्या बोलण्यातून जे कळलं ते असं. पुजाऱ्याने सकाळी गाभाऱ्यातली पेटी उघडली तेव्हा मुखवटा नव्हता. त्याच्या जागी हळदकुंकू लावलेला एक नारळ होता. पुजाऱ्याने हाक मारली, लोक जमले, नारळ पाहिला, आणि कोणी तरी म्हणालं, ‘करणी!’ बस्स. दोघे परके, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, राहणारे, आणि त्यातून धाकटा भल्या सकाळी गाठोडं घेऊन बसथांब्याकडे निघालेला. करणी करून पळत होता, आणखी काय पाहिजे? गाठोडं उचकलेलं जमिनीवर पडलं होतं. पाच-सहा उंडे पाव, दोन नारळ आणि तान्ह्या बाळाची लाल कुंची. त्याला गावी मुलगी झाली होती, तिला तो पहिल्यांदा बघायला चालला होता. कुंची तुडवून तुडवून मातीची झाली होती.

वर धाकट्याने कबुलीही दिली होती. मुखवटा काजूच्या झाडाखाली पुरला म्हणाला, म्हणून लोकांनी चार झाडांच्या बुडाशी खणलं. काही मिळालं नाही तेव्हा माणसं आणखी पिसाळली.

मी पुढे झालो, मोठ्या आवाजात कायदा सांगितला. कोणी ऐकलं नाही. मागून एक धोंडा आला आणि जीपची काच फुटली. तेव्हा माझा हात रिव्हॉल्व्हरवर गेला. हवालदारांनी तो हात वरच्यावर धरला आणि माझ्या कानाशी म्हणाले, “सायब, ता सिनेमात. हंय सा गोळयो आणि दीडशे माणसां.”

माझी पाचावर धारण बसली, हे सांगायला आता लाज कसली? मी पंचायतीच्या एका सदस्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, दोघांना माझ्या ताब्यात द्या, ठाण्यात नेऊन मुखवटा कुठे आहे ते मी वदवून घेतो. हे मी नुसतं सुटका करण्यासाठी बोललो नव्हतो. मलाही ते चोरच वाटत होते. पंचाने नकार दिला. ठाण्यात नेलेले चोर जामिनावर सुटतात, म्हणाला, आमची देवी आहे, आमचं आम्ही बघून घेऊ. दोन तरुणांनी दोराचं टोक हातात घेतलं.

आणि तेवढ्यात तो आवाज आला. खण, खण.

आवाराच्या कोपऱ्यात एक म्हातारा खाली वाकून कुदळीने जमीन खणत होता. अंगात बनियन, कमरेला पंचा. गाव त्यांना आजो म्हणायचं. त्यांच्याकडे आधी कोणाचं लक्षच नव्हतं. पण दगडमातीवर कुदळ पडली की आवाज लपत नाही. एकेक जण वळून बघायला लागला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या डिचोली-सत्तरीच्या डोंगरपट्ट्यात काही गावांत शिमग्याला ‘चोर’ बसवतात. फार पूर्वी कधी तरी गावाने वाटेने जाणाऱ्या परक्या माणसांना चोर समजून मारलं, आणि ते चोर नव्हते असं मागून कळलं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून ठरावीक घरांतली माणसं दर वर्षी देवळासमोर खड्ड्यात बसतात, वरून छातीपर्यंत माती लोटतात, आणि सगळं गाव येऊन त्यांच्या पाया पडतं. या गावात असे चार खड्डे होते. आजो त्यांतल्या एकात चाळीस वर्षं बसत आले होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. गावातली पोरं हे सगळं लहानपणापासून बघत होती, आणि बघून बघून त्याचा अर्थ विसरली होती. त्यांच्या लेखी तो शिमग्यातला एक खेळ झाला होता.

पंचाने ओरडून विचारलं, आजो, हे काय चाललंय. आजो सरळ उभे राहिले, कुदळीवर दोन्ही हात ठेवले. आवाज मुळीच चढवला नाही, त्यामुळे ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“आतापर्यंत आमी चौघे मातयेत बसतो. आज तुमी ह्या दोघांका मारलास, तर फुडल्या शिमग्याक आणि दोन खड्डे लागतले. आमच्या घरांतली माणसां ह्या चार खड्ड्यांकच पुरतत. कोणाकोणाचे नातू बसतले, त्यांची नावां माका आताच सांगा. त्या मापान खणतंय.”

मग दोराजवळच्या त्या दोन तरुणांपैकी एकाकडे पाहून, त्याच्या घराचं नाव घेऊन, अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, “तुझ्या झिलाचा नाव घालू?”

मुलाचा विषय निघताच त्या तरुणाने दोर सोडला. त्याने सोडला म्हणून दुसऱ्याने सोडला. माणसं जमावाने जमतात, पण पांगताना एकेकटी पांगतात, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. कोणाला रानात टाकून आलेल्या काजूच्या बोंडूंची आठवण झाली, कोणी उगाच कोयत्याची धार बघू लागला. हवालदारांनी तेवढ्यात भावांचे दोर कापले आणि दोघांना जीपमध्ये बसवलं. आजो परत खणायला लागले होते. आम्ही निघालो तेव्हा खड्डा गुडघाभर झाला होता.

ठाण्यात नेण्याआधी दोघांना आरोग्य केंद्रात नेऊन वैद्यकीय तपासणी करून घ्या, हा हवालदारांचा हट्ट. मला तेव्हा तो वेळ घालवणं वाटला. दुपारी मी चौकशीला बसलो. थोरला मान खाली घालून गप्प. धाकटा मात्र प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होता. मुखवटा घेतलास? हो. कुठे ठेवलास? विहिरीत. मी भडकलो, टेबलावर हात आपटला आणि विचारलं की सकाळी काजूखाली म्हणाला होतास, आता विहीर कुठून आली?

तो प्लास्टरातला हात पोटाशी धरून म्हणाला, “तुमी म्हनाल तितं ठिवलाय, सायेब. फकस्त मारू नगा. पोरीला अजून बघितलं न्हाई.”

माझा हात टेबलावर होता तो तिथेच राहिला. खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवत होतेच. आणखी पाच मिनिटांत मी त्या पंचाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो असतो, फरक एवढाच की माझ्या अंगावर खाकी होती. हवालदारांनी त्याच्यासमोर चहा ठेवला, मग माझ्यासमोर. म्हणाले, सायब, पेटी आपण अजून नीट बघितलीच नाही.

खरंच बघितली नव्हती. सगळी तपासविद्या विसरून मी कबुलीच्या मागे धावत होतो. आम्ही परत गावात गेलो, दोन साक्षीदार घेतले आणि रीतसर पंचनामा सुरू केला. गाभाऱ्याचं कुलूप शाबूत. पेटीचं कुलूपही शाबूत, म्हणजे चोराने किल्लीने उघडलं आणि जाताना परत लावलं. शेजारी चांदीची समई जशीच्या तशी. मुखवटा ज्या जुन्या रेशमी वस्त्रात गुंडाळत, ते मात्र गायब. चोराने समई ठेवली आणि विरलेलं वस्त्र नेलं? मग मी नारळ हातात घेतला. शेंडी वरच्या बाजूला, खाली पाच विड्याची पानं, पानांखाली तांदूळ.

तो नारळ बघून मला पेडण्याचं आमचं घर आठवलं. मी लहान असताना आमच्या कुळदेवाचा मुखवटा झिजला म्हणून घडवायला दिला होता. त्या वेळी वडिलांनी रिकाम्या आसनावर अस्साच नारळ ठेवला होता, देव घरी परत येईपर्यंत त्याची जागा मोकळी राहू नये म्हणून. हा विधी बंद दाराआड होतो, तोही पन्नास वर्षांतून एखादे वेळी, त्यामुळे गावातल्या कोणाला माहीत नव्हता. त्यांना करणी वाटली. पण करणी करणारा देवीचं आसन राखत बसत नाही. हा नारळ ठेवणाऱ्याला विधी ठाऊक होता, आणि त्याची देवीवर श्रद्धा होती.

पुजारी दारात उभा होता. पन्नाशीचा, किडकिडीत, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला. मी त्याच्यावर आरोप केला नाही. नारळ परत पानांवर ठेवता ठेवता, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “भटजी, हा नारळ सोवळ्यात ठेवलात ना?”

“सोवळ्यातच, साहेब,” तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि तो उंबरठ्यावर मटकन बसला.

चार दिवसांपूर्वी देवीला स्नान घालताना मुखवटा त्याच्या हातून निसटला आणि कानाचा तुकडा पडला. शिमगा तोंडावर, आणि देवी भंगली. गाव आपल्याला जिवंत सोडणार नाही, या भीतीने त्याने विधी करून मुखवटा वस्त्रात गुंडाळला आणि धारगळला एका ओळखीच्या कारागिराकडे डाक लावून कान सांधायला दिला. पेटी तो एकटाच उघडे. पण त्या सकाळी पंच अचानक शिमग्याची तयारी बघायला आला आणि पेटी उघड म्हणाला. घाबरून याच्या तोंडून ‘मुखवटा गेला’ एवढंच निघालं. पुढचं लोकांनीच जुळवलं. दोघांना मार पडत होता तेव्हा हा गाभाऱ्यात दार लावून बसला होता.

मला संताप अनावर झाला. तो रडत म्हणाला की त्याला वाटलं, दोनचार थपडा मारतील आणि सोडतील. मी त्याला दोराबद्दल विचारलं. दोर त्याने पाहिला होता.

संध्याकाळच्या आत धारगळहून मुखवटा आला. बातमी पसरली आणि तीच माणसं, त्याच काठ्या घेऊन, आता पुजाऱ्याकडे निघाली. पण आवारात येऊन थबकली. कोपऱ्यात अर्धवट खणलेला खड्डा होता, त्याच्या काठाला कुदळ टेकवलेली होती, आणि शेजारच्या दगडावर आजो पान जुळवत बसले होते. या वेळी त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

मी गुन्हा नोंदवला तो चोरीचा नव्हे, तर दोन माणसांना डांबून मारल्याचा. पंचासकट आठ आरोपी. वरून दबाव आला तेव्हा आमच्या निरीक्षकांनी फाइल स्वतःच्या टेबलात ठेवली आणि ‘तू तुझं काम कर’ म्हणाले. त्या एका वाक्याचं ऋण माझ्यावर आहे. थोरला भाऊ फिर्याद द्यायला तयार नव्हता. त्याला फक्त घरी जायचं होतं. दुपारी मी ज्याच्यासमोर टेबलावर हात आपटला होता त्या धाकट्याची मी माफी मागितली. तो गडबडून गेला. साहेब माफी मागतो म्हणजे नक्की काय करायचं, हे त्याला कळेना. शेवटी त्याने खिशातला उंड्याचा तुकडा काढून मला दिला. मी खाल्ला.

या खटल्याने मला शिकवलं ते साधं आहे. मारून काढलेली कबुली ही मारणाऱ्याच्याच मनातली गोष्ट असते, दुसऱ्याच्या तोंडून आलेली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चौकशीत कोणावर हात उचलला नाही. लोक म्हणत, मऊ अधिकारी. म्हणू देत. माझा हात वेळीच धरणारे हवालदार मला लाभले, माझ्याआधी पोचलेला एक म्हातारा लाभला, म्हणून माझ्या मनावर दोन प्रेतांचं ओझं नाही. सगळ्यांनाच असे लोक लाभत नाहीत.

पुढच्या शिमग्याला त्या गावचा बंदोबस्त मी मागून घेतला. दुपार कलताना चौघे खड्ड्यांत बसले होते, छातीपर्यंत माती, पुढे पाया पडणाऱ्यांची रांग. रांगेत धाकटा भाऊ होता. सोबत बायको, तिच्या कडेवर वर्षाची मुलगी. आजोंच्या बायकोने तिला ओवाळलं. रीतीप्रमाणे ‘चोरां’ना त्यांच्या घरची माणसं बाहेर काढतात. आजोंचा मुलगा पुढे झाला, तेव्हा धाकट्याने खुणेनेच विचारलं, मी काढू? आजो म्हणाले, “काढ रे.” उजव्या हाताची दोन बोटं त्याला अजून सरळ करता येत नव्हती. तो गुडघे टेकून बसला आणि डाव्या हाताने, हळूहळू, म्हाताऱ्याच्या छातीवरची माती ओढू लागला. सबंध गाव बघत होतं. खटल्यातला एक आरोपी रांगेतून बाहेर आला आणि त्याच्याबरोबर माती ओढायला बसला.

आजो गेले, हवालदार गेले. आता त्या जागी आजोंचा नातू बसतो. मी निवृत्त झालो तरी शिमग्याला जातो. आवारात पाय ठेवला की देवीला हात जोडण्याआधी मी खड्डे मोजतो.

चारच असतात. मग हात जोडतो.